थिंकपॅड_एसीपीआय: लिनक्समधल्या हॉटकी ड्रायव्हरचं परीक्षण, दुरुस्तीच्या वाटेसह

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा एखाद्या रिफर्बिश्ड विक्रेत्याकडून वापरलेला थिंकपॅड (लेनोव्होचा, आधी आयबीएमचा लॅपटॉप) घ्यायचा आणि त्यावर लिनक्स टाकायचं, हा आपल्याकडे आता सरावाचा मार्ग झाला आहे. इन्स्टॉल झाल्यावरची पहिली तक्रारही ठरलेली असते. आवाजाची बटणं चालतात, पण माइक बंद करणारं बटण मुकं आहे. एफ१२ वरचा तारा दाबला तर काहीच होत नाही. ब्राइटनेस एका दाबात दोन पायऱ्या चढतो. दोष लगेच जातो तो कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, थिंकपॅड_एसीपीआय या ड्रायव्हरवर; अशा खास बटणांना, म्हणजे हॉटकींना, लिनक्सशी जोडणारा हा भाग. हे परीक्षण त्याच ड्रायव्हरचं आहे.

मत आधीच सांगून टाकायचं तर, एका विशिष्ट कंपनीच्या लॅपटॉपसाठी लिहिलेल्या कर्नल ड्रायव्हरांमध्ये हा सगळ्यात भरीव आहे. पाचपैकी चार गुण त्याला निःसंकोच द्यावेत. ज्या बटणांबद्दल ओरड होते त्यातली बरीचशी या ड्रायव्हरमध्ये अडकलेलीच नसतात. ती त्याच्या वरच्या किंवा खालच्या थरात हरवतात. आणि उणीव खरोखर ड्रायव्हरमध्येच असते तेव्हा दुरुस्ती अनेकदा एका ओळीची असते. ती ओळ कुठे घालायची हे कळणं, हेच खरं काम.

ड्रायव्हर जुना आहे. बोरिस्लाव डेयानोव्ह यांनी तो आयबीएम-एसीपीआय या नावाने सुरू केला आणि पुढे एन्रिके द मोराइस होल्शू यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. कर्नल २.६.२२ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं आणि २.६.२९ मध्ये तो प्लॅटफॉर्म/एक्स८६ या फोल्डरमध्ये आला. अलीकडे लेनोव्होच्या स्वतःच्या लिनक्स टीमकडूनही, विशेषतः मार्क पिअर्सन यांच्याकडून, त्यात सतत भर पडते. निर्माती कंपनी स्वतः पॅच (कोडमधले बदल) पाठवते हे भाग्य फार थोड्या लॅपटॉप ड्रायव्हरांच्या वाट्याला येतं.

बटण दाबल्यावर काय होतं

एफएन बटणाचं काम लॅपटॉपमधला एम्बेडेड कंट्रोलर ही छोटी चिप बघते. एफएन आणि दुसरं बटण एकत्र दाबलं की कंट्रोलर फर्मवेअरमधल्या (लॅपटॉपच्या अंगभूत सॉफ्टवेअरमधल्या) एसीपीआय कोडला उठवतो; एसीपीआय म्हणजे फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टम यांच्यातली ठरलेली भाषा. तो कोड एचकी नावाच्या एसीपीआय उपकरणावर हेक्स ८० (हेक्स म्हणजे सोळावर आधारलेली मोजणी) ही सूचना पाठवतो. या सूचनेत बटण कोणतं ते नसतं, फक्त ‘काहीतरी आलंय’ एवढंच असतं. मग ड्रायव्हर एमएचकेपी ही मेथड (फर्मवेअरमधला कोडचा तुकडा) बोलावतो, ती एक क्रमांक देते आणि ड्रायव्हर शून्य मिळेपर्यंत तीच मेथड पुन्हा पुन्हा बोलावत राहतो. हेक्स १००१ म्हणजे एफएन आणि एफ१, १००४ म्हणजे झोप, १०१८ म्हणजे जुनं निळं थिंकव्हँटेज बटण, १०१बी म्हणजे माइक म्यूट. हा क्रमांक ड्रायव्हरमधल्या तक्त्यात शोधला जातो आणि ‘थिंकपॅड एक्स्ट्रा बटन्स’ नावाच्या इनपुट उपकरणावर साध्या कळीसारखा बाहेर पडतो.

ड्रायव्हरची सर्वात चांगली बाजू हीच. तो स्वतः काही ठरवत नाही. वायफाय बंद करायचं की स्क्रीन लॉक करायची हा निर्णय डेस्कटॉपवर सोपवतो आणि स्वतः फक्त प्रमाणित कळ पुरवतो. फ्रीबीएसडीमधला आयबीएम ड्रायव्हर याच्याशी ताडून बघा. तिथे घटना डेव्हडी या सेवेकडे जाते, आणि कोणत्या क्रमांकाला काय करायचं ते वापरणाऱ्याने डेव्हडीच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहायचं असतं. त्याआधी सिसकंट्रोल या कर्नल-सेटिंगमधून इव्हेंट्स चालू करायचे ते वेगळंच. स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ते सोयीचं वाटेल, पण घरच्या माणसाला लॅपटॉप लावून द्यायचा असेल तर लिनक्सची पद्धत उजवी.

दुसरी जमेची बाजू म्हणजे फर्मवेअरच्या पिढ्या ओळखण्यातली काळजी. एमएचकेव्ही मेथड इंटरफेसची आवृत्ती सांगते: हेक्स १०० किंवा २००. २०० ही आवृत्ती आधी २०१४ च्या एक्स१ कार्बनवर एफ-बटणांच्या जागी असलेल्या बदलत्या टच-पट्टीसाठी होती, त्यामुळे ड्रायव्हर ‘२०० म्हणजे टच-पट्टी’ असं धरून चालायचा. मग टी४६०, टी४६०एस, टी४६०पी, टी५६० आणि एक्स२६० आले. आवृत्ती २००, पण पट्टी नाही. आणखी एक फरक होता. जुन्या आवृत्तीत एमएचकेए ही मेथड काहीही न देता सगळ्या बटणांचा मास्क (दर बटणाला एक बिट अशी यादी) परत करायची. नवीत तिला एक पॅरामीटर लागतो. १ दिला तर नेहमीच्या बटणांचा मास्क मिळतो, २ दिला तर पट्टीवरच्या बटणांचा, आणि २ ला उत्तर शून्य आलं तर पट्टी नाहीच. २०१६ मध्ये आलेल्या पॅचने नेमकं एवढंच शिकवलं आणि या पाचही मॉडेलांची हॉटकी बटणं ताळ्यावर आली. लॅपटॉप ड्रायव्हरची दुरुस्ती म्हणजे काय याचं हे नमुनेदार उदाहरण आहे. बटणं ठीक होती, तक्ताही ठीक होता. फर्मवेअरला प्रश्न विचारण्याची रीत बदलली होती.

आधी शोधा, मग दुरुस्त करा

कर्नलच्या सोर्सला हात लावण्याआधी बटण कोणत्या थरात हरवतंय ते पाहा. त्यासाठी ईव्हटेस्ट हे छोटं साधन पुरतं. रूट (प्रशासक) म्हणून चालवलं की ते इनपुट उपकरणांची यादी दाखवतं. आधी ‘थिंकपॅड एक्स्ट्रा बटन्स’ निवडा आणि बटण दाबा. काही दिसलं नाही तर ‘एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड’ निवडून पुन्हा दाबा. नव्या मॉडेलांवर आवाजाची तिन्ही बटणं साध्या कीबोर्डच्या वाटेनेच येतात, त्यामुळे ती एक्स्ट्रा बटन्समध्ये दिसत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही. ब्राइटनेसची बटणं तिसऱ्याच ठिकाणी, ‘व्हिडिओ बस’ उपकरणावर सापडतात. लिबइनपुटचं डीबग-इव्हेंट्स हे दुसरं साधन वापरत असाल तर शो-कीकोड्स हा पर्याय द्या, नाहीतर प्रत्येक कळीच्या जागी नुसते तारे दिसतात.

ईव्हटेस्टमध्ये कळ दिसते पण डेस्कटॉप काही करत नाही, तेव्हा कर्नलचं काम झालेलं आहे. दोष वर आहे. ईव्हटेस्टमध्ये स्कॅनकोड (बटणाचा कच्चा क्रमांक) दिसतो पण कळीचं नाव ‘अननोन’ येतं, तेव्हा तक्त्यात नोंद नाही. ईव्हटेस्ट गप्प आहे पण कर्नल लॉगमध्ये ‘अनहँडल्ड एचकी इव्हेंट’ आणि पुढे हेक्स आकडा येतो, तेव्हा फर्मवेअर बोलतंय आणि ड्रायव्हरला ती भाषा येत नाही. खरी दुरुस्ती इथे लागते. त्याच लॉगमध्ये ‘ही घटना कोणत्या परिस्थितीत घडली ते कळवा’ अशी विनंतीही ड्रायव्हर करतो. ती मनावर घ्यावी. आणि लॉगही गप्प असेल तर मास्क, बायोस सेटिंग किंवा फर्मवेअर पाहायचं.

एक सावधगिरी. लॉगमध्ये ६०००च्या घरातले हेक्स आकडे दिसले तर ती सहसा बटणं नव्हेत. ६०३० म्हणजे तापमानाचा तक्ता बदलला, ६०४० म्हणजे चार्जर लावला किंवा काढला, ६०सी० म्हणजे योगा मॉडेलचा पडदा उलटला. पंखा फिरताना उमटलेला ६०३० हा हॉटकी समजून त्यावर कळ लावण्याचा प्रयत्न करणारे पोस्ट इंटरनेटवर सापडतात. बटण दाबताक्षणी, प्रत्येक वेळी, तोच आकडा येतो का, एवढं तपासलं की हा घोळ होत नाही.

माइक म्यूट, जवळून

तक्रारींमध्ये या एका बटणाचा वाटा फार मोठा आहे, म्हणून त्याचा पूर्ण प्रवास पाहण्यासारखा आहे. फर्मवेअर हेक्स १०१बी देतं. ड्रायव्हरची मोजणी १००१ ला शून्य धरून सुरू होते, म्हणून आतला स्कॅनकोड हेक्स १ए होतो. तक्त्यात १ए समोर माइकम्यूट ही कळ आहे, तिचा क्रमांक दशमानात २४८. इथवर सगळं बरोबर.

पण एक्स११ ही जुनी ग्राफिक्स व्यवस्था कर्नलच्या कळ-क्रमांकात ८ मिळवते आणि २५५ च्या पलीकडे तिला मोजताच येत नाही. २४८ अधिक ८ म्हणजे २५६. एका अंकाने चुकामूक. कर्नलने बटण पोचवलं, एक्सने ते टाकून दिलं, आणि वापरणाऱ्याच्या डोळ्यांदेखत ड्रायव्हर बदनाम झाला.

यावर सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या हार्डवेअर डेटाबेसमधला उपाय वर्षानुवर्षं चालत आलेला आहे: १ए हा स्कॅनकोड माइकम्यूटऐवजी एफ२० म्हणून नोंदवायचा. एफ२० चा क्रमांक १९०, त्यात ८ मिळवले की १९८, आणि एक्सच्या कीबोर्ड नियमांमध्ये १९८ वर माइक म्यूटचंच चिन्ह बसवलेलं आहे. टचपॅड चालू-बंद करणाऱ्या बटणासाठी अशीच एफ२१, तर टचपॅड चालू आणि बंद या वेगवेगळ्या कळांसाठी एफ२२ आणि एफ२३ वापरतात. त्यामुळे ईव्हटेस्टमध्ये माइकच्या बटणाला एफ२० दिसलं तर ती चूक नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. ती ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

बटण चालतं पण त्यावरचा दिवा पेटत नाही, ही वेगळी गोष्ट. दिवा सिसएफएसमधल्या (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणाऱ्या जागेतल्या) एलईडींच्या फोल्डरमध्ये ‘प्लॅटफॉर्म::माइकम्यूट’ नावाने असतो. त्याच्या ट्रिगर फाइलमध्ये ऑडिओ-माइकम्यूट निवडलेलं आहे का ते पाहा. ब्राइटनेस फाइलमध्ये १ लिहून दिवा पेटला, तर थिंकपॅड ड्रायव्हर निर्दोष आहे; साउंड कार्डचा ड्रायव्हर किंवा ऑडिओ सर्व्हर दिव्याला कळवत नाही एवढाच अर्थ.

हार्डवेअर डेटाबेसमध्ये बदल

तक्त्यातली कळ बदलायची असेल किंवा नाव नसलेल्या स्कॅनकोडला नाव द्यायचं असेल तर कर्नल कंपाइल करायची गरज नाही. ईटीसी/यूडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी या फोल्डरमध्ये ९० ने सुरू होणाऱ्या नावाची फाइल करा. पहिल्या ओळीत उपकरणाची ओळख: ईव्हीडेव्ह, नेम, थिंकपॅड एक्स्ट्रा बटन्स आणि पुढे डीएमआयची (लॅपटॉपच्या ओळख-माहितीची) अक्षरं, कंपनीच्या जागी लेनोव्हो. दुसऱ्या ओळीत कीबोर्ड_की_ आणि त्याला जोडून स्कॅनकोड, मग बरोबरचं चिन्ह आणि कळीचं नाव. हे सगळं अर्थातच रोमन लिपीत टंकायचं.

चुका ठरावीक जागी होतात. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा हवीच. ती विसरली तर ती ओळ नवी ओळख समजली जाते आणि काहीही लागू होत नाही. स्कॅनकोड हेक्समध्ये, लहान अक्षरांत, पुढचं शून्य-एक्स न लावता लिहायचा. कळीचं नाव लहान अक्षरांत, सुरुवातीचं ‘की_’ काढून. स्कॅनकोड अंदाजाने लिहू नका, ईव्हटेस्टमध्ये एमएससी_स्कॅनच्या पुढे जो आकडा येतो तोच घ्या. मग सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट आणि त्यानंतर यूडेव्हअ‍ॅडम ट्रिगर चालवा. पहिली कमांड देऊन दुसरी विसरली तर रीबूटपर्यंत बदल दिसत नाही.

नव्या मॉडेलांवर एफ९, एफ१० आणि एफ११ वर सूचना केंद्र, फोन उचला आणि फोन ठेवा अशी चित्रं असतात. फर्मवेअरचे क्रमांक १३१७, १३१८, १३१९. यांच्यासाठी कर्नलमध्ये स्वतंत्र कळा नेमल्या गेल्या, पण त्यांचे क्रमांक ४४४ ते ४४६ आहेत, म्हणजे एक्स११ साठी पुन्हा मर्यादेबाहेर. वेलँड या नव्या ग्राफिक्स व्यवस्थेवर ही अडचण नाही, तिथे डेस्कटॉपमध्ये शॉर्टकट नेमला की झालं. एक्स११ वर राहायचं असेल तर ही तिन्ही बटणं वरच्याच पद्धतीने प्रोग१, प्रोग२, प्रोग३ वर वळवा. त्यांचे क्रमांक १४८, १४९ आणि २०२, सगळे मर्यादेत. एफ१२ वरचा तारा हेक्स १३११ देतो आणि बुकमार्क्स कळ म्हणून येतो, क्रमांक १५६. तो एक्सपर्यंत व्यवस्थित पोचतो. त्याला काम नेमून देणं तेवढं बाकी असतं.

मराठी टंकणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. इनस्क्रिप्ट आणि इंग्रजीत अदलाबदल केल्याने हॉटकी बिघडत नाहीत, कारण माध्यम-कळांचे नियम कीबोर्ड लेआउटमध्ये वेगळ्या भागातून जोडलेले असतात. पण एक्समोडमॅप या कळा बदलणाऱ्या साधनाने किंवा स्वतः लिहिलेल्या लेआउट फाइलने तो भागच गळला, तर आवाज, माइक, प्रकाश सगळं एकदम बंद पडतं. भाषा बदलल्यावर हॉटकी गेल्या असतील तर ड्रायव्हरकडे बघूच नका, लेआउट बघा.

मास्कशी खेळू नका

प्रोक फाइलसिस्टममध्ये एसीपीआय/आयबीएम/हॉटकी ही फाइल अजून आहे, आणि तिच्यात सगळे एफ असलेला मास्क लिहा असा सल्ला जुन्या लेखांत सर्रास सापडतो. तो पाळू नये. मास्कचे ३२ बिट म्हणजे १००१ ते १०२० ही बटणं. यातली काही, विशेषतः ब्राइटनेसची, फर्मवेअर स्वतः किंवा एसीपीआयचा व्हिडिओ ड्रायव्हर सांभाळतो. सगळे बिट चालू केले की तीच घटना दोन वाटांनी येऊ शकते आणि ब्राइटनेस एका दाबात दोन पायऱ्या हलतो. ड्रायव्हरने सुचवलेला मास्क हॉटकी_रेकमेंडेड_मास्क या फाइलमध्ये वाचता येतो. कोणी हात घातला असेल तर प्रोकच्या फाइलमध्ये ‘रीसेट’ लिहिलं की हाच सुचवलेला मास्क परत येतो. ‘एनेबल’ लिहिल्याने आता काहीही होत नाही आणि ‘डिसेबल’ लिहिलं तर एरर मिळतो. १३०० च्या पुढची बटणं या मास्कमध्ये मोडतच नाहीत, त्यामुळे तारा चालत नाही म्हणून मास्क बदलण्यात अर्थ नाही.

खूप जुन्या, आयबीएमच्या काळातल्या मॉडेलांवर काही बटणांची सूचना फर्मवेअर देतच नाही. तिथे ड्रायव्हर सेकंदाला १० वेळा एनव्हीरॅम (सेटिंग साठवणारी मेमरी) वाचून फरक शोधतो. हा वेग हॉटकी_पोल_फ्रीक मधून शून्य ते २५ पर्यंत बदलता येतो. दहाच ठेवा.

टी४३० आणि एक्स२३० च्या काळातल्या लेखांमधला एसीपीआय_ओएसआय मध्ये विंडोज २०१२ नाकारण्याचा बूट पर्यायही आता नको. ब्राइटनेसच्या एका जुन्या अडचणीवरचा तो उतारा होता. आजचं कर्नल नेटिव्ह बॅकलाइट स्वतः निवडतं, आणि हा पर्याय फर्मवेअरच्या इतर वागण्यातही बदल घडवतो. आवाज-म्यूटचा गोंधळ मात्र ड्रायव्हरने नेटका सोडवला आहे. काही फर्मवेअर म्यूट बटण दाबलं की आपणहून आवाज तोडायचं आणि मिक्सरला पत्ताच नसायचा. आता ड्रायव्हर फर्मवेअरला ती ढवळाढवळ थांबवायला सांगतो आणि म्यूट ही साधी कळ होते. सॉफ्टवेअर_म्यूट हा पॅरामीटर त्यासाठीच आहे आणि तो मुळात चालूच असतो.

ड्रायव्हरमध्ये ओळ घालायची असेल तर

लॉगमध्ये अनहँडल्ड एचकी इव्हेंट आला आणि तो बटणाशी पक्का जुळला, की सोर्सकडे वळा. कर्नल ६.१० हा इथला मैलाचा दगड आहे. त्याआधी तक्ता म्हणजे क्रमाने भरलेली लांब रांग होती. मधल्या जागा राखीव कळांनी भरायच्या, मोजणी चुकली की पुढची सगळी बटणं सरकायची. २०२४ मध्ये हान्स द खुडे यांच्या पॅचमालिकेने ही रांग काढून स्पार्स कीमॅप आणला. आता प्रत्येक नोंद स्वतंत्र असते: प्रकार, क्रमांक, कळ. नेहमीच्या बटणासाठी प्रकार केई_की; दुर्लक्ष करायची घटना असेल तर केई_इग्नोर. शेजारच्या नोंदी ज्या पद्धतीने लिहिल्या आहेत तीच पद्धत पाळा आणि कळ निवडताना कर्नलच्या इनपुट हेडरमध्ये अर्थाने जुळणारी आधीच आहे का ते शोधा. बटणावर कॅल्क्युलेटरचं चित्र असताना प्रोग४ वापरलेला पॅच परत येणारच. याच आवृत्तीत ट्रॅकपॉइंटवर दोनदा टिचकी मारण्याची घटना, हेक्स ८०३६, हीसुद्धा कळ म्हणून बाहेर येऊ लागली.

दुसऱ्या प्रकारची उणीव म्हणजे ड्रायव्हर लोडच होत नाही आणि मॉडप्रोब ही ड्रायव्हर चढवणारी कमांड ‘असं उपकरण नाही’ म्हणते. ड्रायव्हर एचकी उपकरण तीन ओळखींवरून शोधतो: आयबीएम००६८, लेन००६८ आणि नव्या मॉडेलांवर लेन०२६८. एसीपीआयडम्पने तक्ते काढा, एसीपीआयएक्स्ट्रॅक्टने वेगळे करा, आयएएसएलने डीएसडीटी हा मुख्य तक्ता उलगडा आणि त्यात एमएचकेपी शोधा. ती ज्या उपकरणाखाली आहे त्याची ओळख या तिघांपैकी नसेल तर ड्रायव्हरच्या यादीत एक ओळ वाढवावी लागेल. एमएचकेपी सापडलीच नाही तर तो लॅपटॉप या ड्रायव्हरचा नाहीच. थिंकबुक आणि आयडियापॅड लेनोव्होचेच असले तरी त्यांचं उपकरण व्हीपीसी२००४ आहे आणि ड्रायव्हर आयडियापॅड-लॅपटॉप. नावात ‘थिंक’ बघून घेणाऱ्यांनी हे खरेदीआधी लक्षात घ्यावं.

कंपाइल करायला पूर्ण कर्नल बांधावं लागत नाही. पण वितरणाच्या हेडर पॅकेजमध्ये ड्रायव्हरचा सी सोर्स नसतो, म्हणून चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचं सोर्स पॅकेज उतरवा. वेगळ्या आवृत्तीचं मॉड्यूल टाकलं की ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ मिळतं. अलीकडच्या कर्नलमध्ये लेनोव्होचे ड्रायव्हर त्याच ठिकाणी लेनोव्हो नावाच्या उपफोल्डरमध्ये गेले आहेत, त्यामुळे जुन्या पॅचमधले मार्ग जुळत नाहीत. हातानेच बदलावे लागतात. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते. स्वतःची की तयार करून मोकयुटिलने नोंदवा आणि रीबूटच्या वेळी येणाऱ्या निळ्या पडद्यावर ती मान्य करा. तो पडदा घाईत ओलांडला की पुन्हा पहिल्यापासून. जुनं मॉड्यूल काढताना ‘वापरात आहे’ असं उत्तर मिळालं तर ऑडिओ सर्व्हर थांबवून बघा, कारण जुन्या मॉडेलांवर हा ड्रायव्हर स्वतःचं छोटं साउंड कार्डही उभं करतो.

बदल चालला तर तो आपल्यापुरता ठेवू नये. चेकपॅच ही मांडणी तपासणारी स्क्रिप्ट चालवा, गेट_मेंटेनर ही दुसरी स्क्रिप्ट कोणाला पाठवायचं ते सांगते, पॅचच्या वर्णनात मॉडेलचं पूर्ण नाव, बायोस आवृत्ती, हेक्स क्रमांक आणि बटणावरचं चित्र लिहा, खाली साइन्ड-ऑफ-बाय ही स्वतःच्या नावाची ओळ. अशा छोट्या, एका बटणाच्या पॅचना ड्रायव्हरच्या ईमेल-यादीवर आस्थेने उत्तर मिळतं, आणि तोच लॅपटॉप नंतर कोणी कोल्हापुरात घेतला तरी त्याला काहीच करावं लागत नाही.

एक गुण का कापला

क्रमांकांचा पूर्ण, ताजा तक्ता कुठेच एकत्र नाही. कर्नलसोबतच्या दस्तऐवजाच्या माथ्यावर अजून आवृत्ती ०.२५ आणि १६ ऑक्टोबर २०१३ ही तारीख आहे. मजकूर तपशीलवार आहे, नवे भागही जोडले गेलेत, पण बटणांचा तक्ता जुन्या पिढीवरच थांबलेला आहे. १३०० च्या पुढचं सगळं सोर्समधल्या टिप्पण्यांतून वेचावं लागतं. आसूसचा ड्रायव्हर याबाबत वाचायला सोपा वाटतो, कारण त्याचा सगळा तक्ता एका नजरेत येतो: ६बी टचपॅड, ७सी माइक म्यूट, ५डी वायफाय. पण त्याची खोली कमी. मास्क, फर्मवेअरच्या पिढ्या, झोपेतून उठल्यावरची फेरजुळणी, यात थिंकपॅडचा ड्रायव्हर पुढे आहे.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे आकार. हॉटकी, पंखा, दिवे, बॅटरी चार्जच्या मर्यादा, परफॉर्मन्स प्रोफाइल, सगळं एकाच अवाढव्य फाइलमध्ये. नव्याने पॅच करणाऱ्याला आपली ओळ शोधेपर्यंत धाप लागते. स्पार्स कीमॅपने हॉटकीचा भाग सुटसुटीत झाला. बाकी भागही तसे वेगळे व्हायला हवेत.

चाचणीत मात्र काटकसर करू नका. नवं मॉड्यूल घातल्यावर प्रत्येक हॉटकी एकदा दाबा, नुसती नवी नव्हे. ईव्हटेस्टमध्ये प्रत्येक दाबाला १ आणि लगेच ० येतोय ना ते बघा. ० आला नाही तर कळ अडकल्यासारखी वागते. मग लॅपटॉप झोपवा, उठवा आणि पुन्हा सगळी बटणं दाबा, कारण उठल्यावर मास्क फर्मवेअरला नव्याने द्यावा लागतो आणि अर्धवट दुरुस्ती तिथेच उघडी पडते. चार्जर काढून-लावून बघा, योगा असेल तर पडदा उलटून बघा, आणि दर वेळी लॉगमध्ये नवी अनहँडल्ड ओळ आली नाही याची खात्री करा.